आपल्या हाताचं वाद्य

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, कोणता नॉब किती फिरवला, एवढीच माहिती त्या तारेतून जाते. आवाज तयार होतो तो पलीकडे, सिंथेसायझरमध्ये किंवा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. पलुसकर किंवा भातखंडे स्वरलिपीत लिहिलेल्या बंदिशीचा कागद स्वतः गात नाही, पण काय गायचं ते गाणाऱ्याला सांगतो. मिडीचं काम तसंच आहे. फक्त ही लिपी वाजवता वाजवता लिहिली जाते आणि लिहिताक्षणी वाचली जाते.

या पुस्तकाचं कारण याच गोष्टीत आहे. तंबोऱ्यात किंवा बासरीत हात आणि आवाज एकाच वस्तूत नांदतात. मिडीनं ते दोन वेगळे केले. वेगळे झाले म्हणजे ते पुन्हा कसे जोडायचे हे कुणीतरी ठरवायला हवं. दुकानातून आणलेल्या तयार कंट्रोलरमध्ये ते कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं: पियानोच्या पंचवीस पट्ट्या, आठ पॅड, आठ नॉब, डावीकडे एक चाक. ज्याचा हात त्या मांडणीत बसतो त्याचं काही अडत नाही. पण पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, तबलियाचं मनगट बायाच्या पुडीवर घसरतं, आणि एखाद्या संगीतकाराला पट्टी नकोच असते, त्याला एका बोटानं ओढता येणारी लांब मींड हवी असते. अशांनी काय करायचं? त्यांनी आपला कंट्रोलर आपण बांधायचा. हे काम वाटतं त्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, हे दाखवण्यासाठी पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कंट्रोलर कसा वाजेल हे मोठ्या प्रमाणात तो ज्या सुट्या भागांतून बांधला आहे त्यांवर ठरतं. सर्किटची आकृती तीच ठेवून नॉबखाली दोन टोकांत थांबणाऱ्या पॉटऐवजी गोल फिरत राहणारा एन्कोडर लावला, बारीक टॅक्ट स्विचऐवजी मोठं आर्केड बटण लावलं, तर वाजवणं बदलतं. म्हणून भाग निवडणं हे मला बाजारहाटाचं काम वाटत नाही. वाद्याची घडण तिथूनच सुरू होते. पुस्तकात खरेदीला प्रोग्रामिंगइतकीच जागा दिली आहे ती यासाठी.

आधी थोडा इतिहास, कारण आज कुणालाही घरी बसून हे करता येतं त्याची मुळं तिथे आहेत. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रं त्यांनी वापरली. तेव्हा मिडी नव्हता. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रांना एकमेकांशी जोडण्याची आपापली सोय ठेवायची, आणि ती सोय बहुधा त्या कंपनीच्या दारातच संपायची. एका कंपनीच्या कीबोर्डवरून दुसऱ्या कंपनीचा सिंथेसायझर वाजवायचा तर मधे खास बांधलेलं सर्किट लागे.

ही अडचण अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना सारखीच खुपत होती. काकेहाशी दुसऱ्या महायुद्धानंतर, ऐन किशोरवयात, घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवत होते. पुढे वाद्यांकडे वळले आणि १९७२ साली त्यांनी रोलँड काढली. स्मिथ यांनी चेट वूड या सहकाऱ्यासोबत १९८१ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे सगळ्या सिंथेसायझरांसाठी एकच जोडणी असावी असा निबंध मांडला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्ध्यांचे कीबोर्ड एका तारेनं जोडले गेले, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडी १.० चा मसुदा प्रसिद्ध झाला. तो वापरण्यासाठी कुणाकडून परवान्याची फी घ्यायची नाही, असं ठरलं. या कामासाठी २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाला.

फी नाही हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग असा की मिडी मुद्दाम स्वस्त भागांतून उभा केला होता. पाच पिनांचं डिन सॉकेट टेपरेकॉर्डरांमुळे बाजारात मुबलक होतं, तेच घेतलं. माहिती धाडण्याचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट ठेवला, कारण दहा लाख हर्ट्झच्या घड्याळाला ३२ नं भागलं की तो बरोबर निघतो आणि त्या काळच्या साध्या प्रोसेसरला तो झेपतो. संदेश धाडणाऱ्या बाजूला दोन रेझिस्टर आणि एक सॉकेट पुरे. भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळावेत, हा विचार मिडीच्या पायातच आहे. चाळीस वर्षं उलटून गेली, २०२० साली मिडी २.० मंजूर झाला, तरी ती पहिली भाषा टिकून आहे आणि नवी यंत्रंही ती बोलतात.

आता एक नॉब जवळून पाहू. पुस्तकातलं निम्मं तंत्र या एका नॉबमध्ये येऊन जातं.

नॉबखाली असतो पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर. त्याला तीन पाय. एका टोकाच्या पायाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड, आणि मधला पाय अर्डुइनोसारख्या, प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डच्या अॅनालॉग पिनला. नॉब फिरवला की मधल्या पायावरचा विजेचा दाब शून्य ते पाच व्होल्टमध्ये सरकतो. अर्डुइनो तो दाब मोजून ० ते १०२३ मधला आकडा देतं. मिडीमध्ये एका मूल्याला सात बिट मिळतात, म्हणजे ० ते १२७. म्हणून त्या आकड्याला आठनं भागायचं. समजा उत्तर आलं १००. मग बोर्ड एकामागोमाग तीन बाइट धाडतो: १७६, ७, १००. पहिल्याचा अर्थ ‘पहिल्या चॅनलवर एक कंट्रोल बदलतोय’, दुसऱ्याचा ‘कंट्रोल क्रमांक सात, म्हणजे व्हॉल्यूम’, तिसऱ्याचा ‘तो शंभरवर न्या’. प्रत्येक बाइटच्या मागेपुढे एकेक बिट धरून दहा बिट होतात, त्याला लागतात ३२० मायक्रोसेकंद. तीन बाइट मिळून एका मिलिसेकंदाच्या आत काम संपतं.

पण नॉब नुसता ठेवून दिलेला असताना काय होतं? दाब जरासा थरथरतो. आकडा ५११ आणि ५१२ यांच्या सीमेवर असेल तर आठनं भागल्यावर तो कधी ६३, कधी ६४ येतो, आणि बोर्ड दर वेळी नवा संदेश धाडत राहतो. कुणी हात लावलेला नसताना पलीकडचा आवाज थरथरू लागतो. उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकदमच करावेत. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, ज्याच्या अंगावर १०४ लिहिलेलं असतं तो, कपॅसिटर लावायचा. आणि प्रोग्रामला सांगायचं की मूळ आकडा मागच्या वेळेपेक्षा चार-पाचनं तरी हलला तरच संदेश धाड. एवढं केलं की नॉब शांत राहतो आणि हात लावला की तत्काळ उत्तर देतो. घरी बांधलेल्या कंट्रोलरचा भरवसा अशाच लहान गोष्टींवर उभा राहतो.

भाग निवडणं म्हणजे वाजवणं ठरवणं, असं वर म्हटलं, त्याचा अर्थही या नॉबवरून कळतो. पॉटला सुरुवात आणि शेवट असतो. अंधाऱ्या स्टेजवर न पाहताही बोटांना कळतं की नॉब कुठे आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये दुसरा आवाज निवडला की नॉब एका जागी आणि खरं मूल्य दुसऱ्या जागी राहतं. हात लावताच आवाज उडी मारतो. रोटरी एन्कोडर गोल गोल फिरत राहतो, तो फक्त ‘एक पाऊल उजवीकडे, एक पाऊल डावीकडे’ एवढंच सांगतो, म्हणून आवाज उडी मारत नाही. पण बोटांना त्याची जागा कळत नाही. कार्यक्रमात दोन आवाज घेऊन बसणाऱ्यानं पॉट घ्यावा, शेकडो आवाज हाताळणाऱ्यानं एन्कोडर. तसंच बटणांचं. बारीक टॅक्ट स्विच टक्क वाजतो, आणि शेजारी माईक असेल तर ती टक्क रेकॉर्ड होते. ३० मिलिमीटरचं आर्केड बटण जागा खातं, पण मुठीचा ठोका सहज झेलतं. हे निर्णय कुठल्याही आकृतीत लिहिलेले नसतात.

आता बाजाराकडे. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनबाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागावं. रस्त्याचं आताचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी जुनंच आहे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी ही नावं मुद्दाम दिली आहेत. या बाजारांची स्वतःची बोली आहे आणि ती अवगत असली की काम लवकर होतं. छिद्रांच्या जाळीच्या बोर्डला इथे ‘झीरो पीसीबी’ म्हणायचं. पिनांच्या पट्टीला ‘बर्ग स्ट्रिप’. छोट्या तारांच्या प्लगला ‘रिलिमेट’. पॅनेलसाठी कापायच्या तपकिरी पत्र्यासारख्या शीटला ‘हायलम’. परदेशी पुस्तकात वाचलेली नावं सांगितली तर दुकानदार क्षणभर थांबतो; ही सांगितली की विचारतो, ‘किती नग?’

पॉट घेताना चार गोष्टी बघाव्यात. पहिली, अंगावरचं अक्षर. बी१०के म्हणजे दहा किलोओहमचा आणि एकसारखा बदलणारा. ए१०के म्हणजे कानाच्या चढत्या मापानं बदलणारा. मिडीला बी हवा, कारण मापाची वळणं प्रोग्राममध्ये देता येतात. दुसरी, दहा किलोओहमच का? अर्डुइनोतल्या चिपचं दाब मोजणारं अंग दहा किलोओहमपर्यंतच्या स्रोताला नीट वाचतं. एक मेगओहमचा पॉट लावला तर आकडे डळमळतात. तिसरी, दांडा. तो सपाट कापलेला आहे, दातेरी आहे की सरळ गोल आहे, आणि जाडी ६ मिलिमीटर की पाव इंच, हे नॉब सोबत लावूनच बघावं. पॉट एका दुकानातून आणि नॉब दुसऱ्या दुकानातून घेतला की बसत नाही, असं फार वेळा होतं. चौथी, मीटर. दोन टोकांच्या पायांवर मीटर लावावा. १० किलोओहमच्या वीस टक्के इकडेतिकडे चालतं. मग मधल्या पायावर लावून दांडा अगदी सावकाश फिरवावा. आकडा सलग चढला पाहिजे. मधे कुठे उडी मारली किंवा गायब झाला, तर तो नग परत ठेवावा. काउंटरवर मीटर वापरू देणारे दुकानदार पुष्कळ आहेत, आणि पारखून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते मानही देतात.

मागताना पूर्ण नंबर सांगणं किती गरजेचं आहे, याचं चांगलं उदाहरण म्हणजे ऑप्टोकप्लर. मिडी ऐकणाऱ्या यंत्राच्या दारात हा भाग असतो. त्याच्या आत एक छोटा दिवा आणि त्याचा प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. संदेश प्रकाशातून पलीकडे जातो आणि दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध राहत नाही. म्हणून ग्राउंडची घरघर एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत नाही. दुकानात नुसतं ‘ऑप्टो द्या’ म्हटलं की बहुधा चार पायांचा पीसी८१७ हातात पडतो. पॉवर सप्लायसाठी तो उत्तम आहे, पण मिडीसाठी मंद आहे. मिडीला सिग्नलचा चढ-उतार दोन मायक्रोसेकंदांच्या आत हवा असतो. मागायचा असतो ६एन१३८ किंवा एच११एल१. आणि मुळात आपला कंट्रोलर फक्त संदेश धाडणारा असेल, तर ऑप्टोची गरजच नाही. पाच व्होल्टच्या बोर्डला २२० ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचे, आणि एक सॉकेट, एवढ्यावर भागतं. सॉकेटच्या पिनांचा क्रम १-४-२-५-३ असा असतो. कामाच्या आहेत ४, ५ आणि मधली २. सोल्डर करताना आपण सॉकेट मागून बघत असतो, तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं. पिनांच्या बाजूला कोरलेले आकडे वाचूनच तार लावावी.

बोर्ड घेताना एकच प्रश्न आधी विचारावा: हा बोर्ड यूएसबीवरून स्वतः मिडी बोलतो का? यूएसबी-मिडीचं प्रमाण १९९९ साली ठरलं, त्यामुळे असा बोर्ड कॉम्प्युटरला लावला की वेगळं ड्रायव्हर न टाकता कंट्रोलर म्हणून ओळखला जातो. अर्डुइनो उनोच्या जुन्या आवृत्त्यांतल्या मुख्य चिपला स्वतःची यूएसबी नाही, म्हणून शिकायला तो छान असला तरी या कामाला अडखळतो. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रोमध्ये एटीमेगा३२यू४ चिप असते, ती थेट बोलते. टीन्सी बोर्डमध्ये मेनूतून ‘मिडी’ निवडलं की झालं. २०२१ साली चार डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको हेही काम उत्तम करतो, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्ट लावले तर चिप जाते, आणि सॉकेटला लावायचे रेझिस्टरही बदलतात: ३३ आणि १० ओहम. पिकोला अॅनालॉग पिना फक्त तीन आहेत; सोळा नॉब हवे असतील तर सीडी७४एचसी४०६७ हा मल्टिप्लेक्सर घ्यावा. तो एकेका नॉबला पाळीपाळीनं एकाच पिनवर आणून वाचायला देतो.

नकली मालाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. २०१४ साली एफटीडीआय कंपनीच्या विंडोजवरच्या ड्रायव्हरनं बाजारातल्या नकली एफटी२३२ चिपा हेरून त्यांचा ओळखक्रमांक शून्यावर आणला, आणि ज्यांना आपल्याकडची चिप नकली आहे याची कल्पनाही नव्हती अशा लोकांचे बोर्ड एका अपडेटनंतर बंद पडले. यातून घ्यायचा धडा साधा आहे. रेझिस्टर, बटणं, तारा, एलईडी, सॉकेटं स्थानिक बाजारातून बिनधास्त घ्यावीत. ती हातात घेऊन पारखता येतात. ज्यांची पारख हातानं होत नाही अशा चिपा आणि सेन्सर अधिकृत वितरकाकडून घ्यावेत, मग ते माउझर, डिजी-की, एलिमेंट१४ असोत किंवा पुण्याच्या रोबूसारखं आपल्याकडचं दुकान असो. परदेशातून मागवताना भागाच्या किमतीपेक्षा पोस्टेज आणि कस्टम ड्युटी जड होते, म्हणून चार मित्रांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी. आणि जुन्या बाजाराला विसरू नये. बिघडलेल्या मिक्सरमधले स्लाइड पॉट, टाकून दिलेल्या कीबोर्डातल्या पट्ट्या आणि त्यांखालच्या रबरी पट्ट्या भंगाराच्या भावात मिळतात, आणि नव्या घ्यायला गेलं तर सुट्या मिळतही नाहीत.

हे सगळं कशासाठी, हा प्रश्न पुन्हा समोर ठेवायला हवा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड असतो. रोलँडनं १९८५ साली काढलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये, पॅड-८ मध्ये, स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो आठ पॅडांचा निव्वळ मिडी कंट्रोलर होता. आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. म्हणजे काठीनं ठोका मारणाऱ्या हातासाठी मिडीचं दार तेव्हाच उघडलं होतं, आणि त्या हातानं पुढे आपल्याकडे काय काय केलं ते आपण रोज ऐकतो. मग बोटांनी वाजवणाऱ्या, ओढणाऱ्या, घासणाऱ्या हातांसाठी दारं का उघडू नयेत?

२००२ साली प्रिन्स्टन विद्यापीठात अजय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबल्याचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बांधून दाखवला. त्यात दाब ओळखणारे सेन्सर होते, ज्यांना बाजारात एफएसआर म्हणतात. तबल्याची अडचण अशी की पॅडखाली एक पिझो चकती चिकटवली तर ठोका किती जोराचा एवढंच कळतं. ‘ना’ आणि ‘तिं’ यांतला फरक कळत नाही, कारण तो बोट कुठे पडलं आणि पुडीवर टेकून राहिलं की उचललं, यात असतो. बायाची गोष्ट आणखी निराळी: तिथे मनगटाचा दाब ठोक्यानंतर स्वराला वर चढवतो. म्हणून बायासाठी पिझोसोबत एक एफएसआर लागतो, आणि त्याचा दाब पिच बेंड म्हणून धाडावा लागतो.

पिच बेंड हा मिडीतला आपल्या कामाचा मोठा संदेश आहे. बाकीची बहुतेक मूल्यं १२८ पायऱ्यांची असतात, पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या आहेत. साधारणपणे तो स्वर दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली नेतो, पण बहुतेक सिंथेसायझरांत ही मर्यादा वाढवता येते. ती वर-खाली एकेक सप्तकाची केली तरी एक पायरी सेंटच्या सुमारे सातव्या भागाइतकी बारीक राहते, आणि सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. कोमल गंधाराची एखादी श्रुती थोडी उतरी लावायची तर हवी तेवढी सूक्ष्मता इथे आहे. कमी पडतो तो हातासाठीचा भाग. एक लांब रिबन सेन्सर, म्हणजे बोटानं चालणारा सपाट पॉट, पट्टीवर चिकटवा, बोट उचललं की आकडा भरकटू नये म्हणून मधल्या पायाला १०० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे द्या, आणि बोटाची जागा पिच बेंडमध्ये उतरवा. षड्जापासून पंचमापर्यंतची मींड एका बोटात येते. बेंड मात्र सगळ्या चॅनलला लागू होतो. दोन स्वर वेगवेगळे वाकवायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल द्यावा लागतो. एमपीई या नावानं २०१८ साली मिडीत अधिकृतपणे आलेली पद्धत हेच करते.

पेटीचंही असंच. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा मिटण्यामधला वेळ मोजून ठोक्याचा जोर काढतात. पेटीत जोर बोटात नसतो, भात्यात असतो. तेव्हा पट्ट्यांना एकच संपर्क पुरतो, आणि खरा सेन्सर भात्याला लागतो. भात्याच्या बिजागरीवर पॉट बसवा किंवा आतल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर घ्या, आणि येणारा आकडा कंट्रोल क्रमांक ११ वर, म्हणजे एक्स्प्रेशनवर, धाडा. डावा हात ढिला पडला की स्वर विरतो, जोर दिला की भरतो. डाव्या हाताची सगळी तालीम तिथे उपयोगी पडते.

तयार कंट्रोलर बांधणाऱ्या मोठ्या कंपन्या हे करणार नाहीत, यात त्यांचा दोष नाही; त्यांचं गिऱ्हाईक जगभर पसरलेलं आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना पियानोची पट्टी हवी आहे. पण आपल्याकडे हे काम होऊ शकतं याचा दाखला जुना आहे. बंगळूरचे जी. राज नारायण हे बासरीवादक आणि इंजिनिअर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला, आणि आज तो रियाजाच्या खोल्याखोल्यांत आहे. वाजवणारा आणि बांधणारा एकाच माणसात आले तेव्हा ते वाद्य झालं. मिडी कंट्रोलरच्या बाबतीत तर वाट आणखी सोपी आहे, कारण आवाज घडवण्याचं अवघड काम सॉफ्टवेअर करतं. आपल्याला फक्त हात नीट ऐकून घ्यायचा आहे.

पुस्तक तीन भागांत आहे. पहिल्या भागात एक बटण आणि एक नॉब, एवढंच. बटण दाबल्यावर त्याचे संपर्क काही मिलिसेकंद उसळतात आणि एका दाबाचे पाच स्वर वाजतात. ती उसळी कशी थोपवायची हे तिथे आहे. दुसरा भाग भागांचा: प्रत्येकाचा फोटो, बाजारातलं नाव, पूर्ण नंबर, पारखण्याची रीत आणि त्याच्या जागी दुसरं काय चालेल. तिसऱ्या भागात चार बांधण्या आहेत: आठ नॉबांचा मिक्सर, पिझोचे पॅड, मींडेची पट्टी आणि भात्याची पेटी. इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्यांनी थेट तिसऱ्या भागाकडे जायला हरकत नाही. पण ज्यांनी कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही त्यांनी क्रम मोडू नये. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवावी, आणि कथील-शिशाची तार हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणानं धुवावेत.

सुरुवातीला लागणारं सामान थोडं आहे: एक मीटर, एक ब्रेडबोर्ड, एक पुश बटण, एक बी१०के पॉट, १०४ नंबरचा एक कपॅसिटर आणि थेट यूएसबी-मिडी बोलणारा एक बोर्ड. यात पहिला भाग पुरा होतो. त्यानंतर मात्र माझी प्रत्येक वाचकाला एक विनंती आहे. तुम्ही जे बांधाल त्याची आकृती, प्रोग्राम आणि भागांची यादी खुली ठेवा. स्मिथ आणि काकेहाशी यांनी मिडी खुला ठेवला म्हणून आपण इथवर आलो. आपल्या वाद्यांच्या हातांबद्दल आपल्याला जे कळेल तेही तसंच पुढे गेलं पाहिजे. आणि यादीत ‘एक सेन्सर’, ‘एक ऑप्टो’ असं लिहू नका. प्रत्येक भागाचा पूर्ण नंबर लिहा, कुठल्या दुकानात मिळाला ते लिहा, म्हणजे सोलापूरच्या, मडगावच्या किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या पेटीवाल्याला तोच भाग मागवता येईल आणि तुमचा कंट्रोलर त्याच्या हातात वाजू लागेल.